माळावरची सोबत

१

लोहारा जिथं संपतं आणि माळ सुरू होतो, तिथं आमचं घर आहे. मी तहसील कचेरीतून निवृत्त झाले, आमचे हे शाळेतून. मूळचे आम्ही तुळजापूरचे, पण नोकरीनं इथं आणलं ते कायमचंच. निवृत्तीला दोघांनाही शाल-श्रीफळ मिळालं, हे घर बांधून झालं आणि आम्ही निवांत भांडायला मोकळे झालो.

फिरायचं वेड मात्र आमच्यात कुणालाच नव्हतं. ते आमच्या लेकीचं, भैरवीचं. पुण्यात नोकरी करायची आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायची. उंचीनं ती बापाच्याही वर चार बोटं गेली होती. हिला नवरा शोधायला शिडी लावावी लागणार, असं मी चिडवायची. दोन वर्षांमागं उत्तराखंडात एका गटाबरोबर चालायला गेली आणि वाटेवर दरड आली. बाकीचे सापडले. ती सापडली नाही.

कागद सगळे झाले. दाखलाही मिळाला. सगळं आयुष्य लोकांना दाखले मिळवून देण्यात गेलं, पण हा एक दाखला मला कधी खरा वाटला नाही. यांनी तर तो पाहिलाही नाही. वर्षभर हे पडवीतल्या खुर्चीत बसून राहिले. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की आडवे व्हायचे. लेक गेली ती गेलीच, आता नवराही डोळ्यांदेखत चालला, असं मला रोज वाटायचं.

आणि मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी यांनी बूट घातले, काठी घेतली आणि माळावर गेले. उन्हं वर आल्यावर परतले, तेव्हा चेहऱ्यावर धूळ होती आणि डोळ्यांत जीव होता.

"तरवडांच्या मागनं एक वाट आहे," म्हणाले. "इतकी वर्षं राहतोय आपण, कधी दिसली नव्हती."

मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसलं आणि देवीला हात जोडले.

२

मग रोज नवी वाट. चहा पिता पिता हे सांगायचे आणि मी भाकरी थापता थापता ऐकायची. एक वाट ओढ्यातून वर निघते आणि मुरमाच्या खाणीला वळसा घालते. एक टिटव्यांच्या पठारावरून जाते. एका वाटेवर बोराटीची इतकी दाटी की हात ओरबाडून निघतात. मी यांना कोलंबस म्हणायला लागले होते. हे हसायचे. यांचं हसू मी विसरत चालले होते.

संध्याकाळी आमचं एक कामच होऊन बसलं. माळावर त्या दिवसांत कुसळी गवत वाळलेलं असतं. चालणाऱ्याच्या कपड्यांत त्याची कुसळं घुसतात आणि धुतली तरी निघत नाहीत, एकेक करून उपटावी लागतात. हे पडवीत बसायचे, मी समोर बसून यांच्या पॅन्टची कुसळं काढायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतक्या गप्पा आमच्या कधी झाल्या नव्हत्या.

एकदा हट्टानं मीही बरोबर गेले. वाट चांगली पडलेली होती, एका माणसापुरती, घासून पांढरी झालेली. मला तिथंच पहिल्यांदा खटकलं. वाट पायांनी पडते. त्या बाजूला ना वस्ती, ना विहीर, ना देऊळ.

"इथनं जातं कोण?" मी विचारलं.

"गुरं जात असतील."

"गुरांच्या वाटेवर शेण असतं. इथं एक पोवटा नाही."

हे काठीनं गवत बाजूला सारत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे वाटेवरून चालतच नव्हते. कडेनं, धोंड्यांतून, गवतातून ठेचकाळत चालले होते. चांगली मोकळी वाट यांच्या उजव्या हाताला रिकामी होती. मी पुढं होऊन त्या वाटेवर यांच्या बरोबरीला गेले, तर यांनी हात आडवा घातला.

"जरा मागं ये."

"का?"

"मागं ये गं तू," म्हणाले. आवाज चढवला नाही, पण चेहरा असा झाला होता की मी गप मागं झाले.

३

भैरवीच्या खोलीत मी फारशी जात नाही. रविवारी झाडते, पुसते, खिडकी उघडते, लावते. दाराच्या मागं खुंटीला तिची मोहरी रंगाची ओढणी आहे. ती शेवटची आली होती तेव्हा विसरून गेली. मी ती धुतली नाही. का धुतली नाही हे आयांना सांगायला नको.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी झाडताना माझा हात ओढणीला लागला आणि टोचलं. पाहिलं तर खालच्या काठाला कुसळं. एखाद-दुसरं नाही, काठभर घुसली होती. मधेमधे लाल मुरमाची धूळही होती.

मी पलंगावर बसले. कचेरीत सवय असते, आधी साधं कारण शोधायचं. साधं कारण समोरच होतं. हे ओढणी बरोबर नेत असणार. लेकीची आठवण म्हणून पिशवीत घालून नेतात, कुठंतरी झाडाखाली बसून जवळ घेतात. मी नाही का तिच्या चादरीत नाक खुपसत? बापानं केलं तर काय बिघडलं?

पण जवळ घेतलेल्या ओढणीला कुसळं काठालाच का लागावीत? काठ जमिनीलगत लोंबला तर ती लागतात. कुणी अंगावर घेऊन चाललं तर.

संध्याकाळी पडवीत कुसळं काढताना मी विचारलं, "ओढणी नेता का हो तुम्ही?"

"नेतो."

"कशाला?"

यांनी माळाकडं पाहिलं. "सकाळी गारठा असतो," म्हणाले.

यांच्या गळ्यात मफलर होता. मी पुढं विचारलं नाही. उरलेली कुसळं मी काढत राहिले.

४

दुसऱ्या दिवसापासून हे गेले की मी गच्चीवर जायला लागले. कपडे वाळत घालायचं निमित्त. हे माळ चढताना लहान लहान होत जायचे. एकटे. डोळ्यांना दिसायचे ते एकटेच. पण मधेच थांबायचे. मागं वळून कुणीतरी येईपर्यंत वाट बघावी तसे उभे राहायचे आणि मग पुन्हा निघायचे. कधी मान उजवीकडं वळवून बोलायचे.

दुःखानं माणूस स्वतःशी बोलतो. मीही कुकरशी बोलते. डॉक्टरकडं न्यावं का, असं मनात यायचं आणि मग यांनी हसून जेवण मागितलं की ते मागं पडायचं. बरं झालेलं माणूस कशानं बरं झालं ते खोदून काढायची मला भीती वाटत होती.

तरी एवढं ठरवलं, की यांना चार माणसांत न्यायचं. येळवस जवळ आली होती. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या या अमावास्येला गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात असतात. कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि पालेभाज्या आणि शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील पोट फुटेस्तोवर खायचं. बांधावरून जो कुणी जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ओळखीचा असो नसो. त्याला उपाशी जाऊ दिलं तर ती येळवसच नाही.

माळाला लागून शरणबसप्पाचं रान आहे. तो यांचा जुना विद्यार्थी. दरवर्षी बोलावतो, गेल्या वर्षी आम्ही गेलो नव्हतो.

"येळवशीला नको," हे म्हणाले. "त्या दिवशी सगळीकडं माणसं असतात."

"माणसं असतात म्हणूनच जायचं," मी म्हटलं.

यांनी मफलर काढून मांडीवर घडी घातला. मग म्हणाले, "तू जीपनं पुढं जा. मी माळावरून येतो."

५

शरणबसप्पाची ज्वारी डोक्याएवढी झाली होती. त्याच्या बायकोनं, गजराबाईनं, खोपीपुढं घोंगडी अंथरली होती आणि भज्जीचं पातेलं उघडलं होतं. शरणबसप्पा तांब्यातलं पाणी पिकावर शिंपडत "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत रानाला फेरी घालत होता. मी घोंगडीवर बसून हिरवी चिंच खात होते आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटत होतं.

गजराबाई कपाळाला हात लावून माळाच्या कडेला बघायला लागली. "सर आलं बगा," म्हणाली. आणि मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन खणखणीत हाक मारली, "ओ सर! या की जेवायला! दोगंबी या!"

माझ्या हातातली चिंच तशीच राहिली.

मी वर पाहिलं. माळाच्या कडेवर आभाळ लख्ख होतं आणि त्या उजेडात दोघं उभे होते. एक हे. यांच्या उजव्या हाताला दुसरं कुणीतरी, डोक्यावरून मोहरी ओढणी घेतलेलं. माझ्या छातीत असा आनंद उसळला की मी उठून उभी राहिले. भैरवी, असं ओठांवर आलंसुद्धा.

आणि मग मला दिसलं, की ती यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

दोघं उतरून ज्वारीत शिरले. धाटं हलत हलत जवळ आली, शेजारी शेजारी दोन रांगांत. बाहेर आले ते हे एकटेच. हात धुऊन घोंगडीवर बसले. माझ्याकडं पाहिलं नाही.

"अन् पोरगी?" गजराबाईनं दुसरं ताट वाढलं होतं. मान उंचावून तिनं पलीकडं पाहिलं. "त्या बांधावर बसलीया व्हय? लाजती वाटतं. नात्यातली हाय का बाई? थांबा, म्याच नेऊन देती."

ताट घेऊन ती ज्वारीच्या कडेनं गेली. मी यांच्याकडं बघत राहिले. हे खाली मान घालून भाकरी कुस्करत होते.

गजराबाई परत आली तेव्हा तिच्या हातात ताट नव्हतं. ती पांडवांपुढं जाऊन बसली, पाठ आमच्याकडं करून. आंबील वाढ म्हणून शरणबसप्पानं हाक मारली तरी उठली नाही. मी तिच्याजवळ गेले.

"काय झालं गं?"

"बाई, तिनं मला इच्यारलं," ती हळूच म्हणाली. "हे माझं घर हाय का, म्हनून."

"मग?"

"न्हाय म्हनलं म्या. दुसरं काय म्हनू? लई वंगाळ वाटलं बाई. न्हाय म्हनल्यावर मान हलवली तिनं. जशी रोजच ऐकती." तिनं पदर तोंडाला लावला. "तिचं त्वांड मला आता आठवंना. आत्ताच बगितलं की वं म्या."

६

परत येताना मीही माळावरून चालत आले. जीपमध्ये हे बोलले नसते. ऊन कलतीला लागलं होतं. हे वाटेच्या कडेनं चालत होते, मी यांच्या मागं. वाट रिकामी होती.

"ती भैरवी नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

मी थांबले. एवढे दिवस मी भ्यायले होते ते यांचं मन फिरलं म्हणून. यांना वेड लागलं असतं तर मला ते झेपलं असतं.

"मग कोण आहे?"

"तिलाच माहीत नाही. पहिल्या दिवशी तरवडांत उभी होती. काका, मला घरी जायचंय, म्हणाली. कुठलं घर, तर तिला आठवत नाही. वाट दिसली की म्हणते, ही असेल. मग त्या वाटेनं आम्ही जातो. ती नसते."

म्हणजे या सगळ्या नव्या वाटा. टिटव्यांचं पठार, बोराटी, मुरमाची खाण.

"आपलं काय देणंघेणं आहे हो तिच्याशी?" मी जवळजवळ ओरडलेच. "सोडा तिला. उद्यापासून जायचं नाही."

हे वळले. यांचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गात असायचा तसा होता, समजावून सांगणारा.

"आपली पोर तिकडं अशीच कुठंतरी फिरत असेल ना, वनमाला? अनोळखी डोंगरात. तिलाही वाट सापडत नसेल. मी हिला सोबत केली, तर तिकडं कुणीतरी तिला करेल. एवढंच आहे माझं."

मला रडू कोसळलं. मी त्या वाटेच्या कडेला, धोंड्यावर बसून रडले. हे शेजारी उभे राहिले. रडता रडता मला जाणवलं की माझ्या दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी उभं आहे आणि माझं आवरेपर्यंत थांबलं आहे. मी मान वळवली नाही. वळवायला हवी होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आणि सापडलं तिचं घर, तर?" शेवटी मी विचारलं.

"तर दारापर्यंत सोडून येईन."

"याल ना पण?"

 यांनी मला उठायला हात दिला.

७

त्यानंतर रोज सकाळी हे निघाले की मी पडवीत बसायची आणि हे दिसेपर्यंत तिथून हलायची नाही. भाजी करपली, दूध उतू गेलं. हे जास्त जास्त लांब जायला लागले होते. कधी दुपार व्हायची. भैरवीच्या वेळी आलेल्या त्या फोनसारखा आणखी एक फोन येईल, असं वाटून मी मोबाईल पालथा ठेवायची.

माघात एके दिवशी हे दुपार कलली तरी आले नाहीत. मी शरणबसप्पाला फोन केला. तो मोटारसायकल घेऊन माळ पालथा घालून आला. "बाई, तुमी म्हनता तसली वाटच न्हाय तिकडं. नुसतं गवत हाय," म्हणाला. तो पुन्हा निघाला तेवढ्यात हे ओढ्याच्या बाजूनं येताना दिसले. सावकाश, काठी टेकत. हातात घडी केलेली ओढणी होती.

पडवीत बसून यांनी बूट काढले.

"पोचली," म्हणाले.

"कुठं?"

"घर होतं. आत दिवा होता. भर दुपारी." यांनी ओढणीची घडी मांडीवर ठेवली. "दार कुणी उघडलं ते मी पाहिलं नाही. तिनं ओढणी परत दिली. मला आत या म्हणत होती, लई आग्रह केला. मी म्हटलं, आमच्या घरी वाट बघतात."

मी यांचा हात हातात घेतला. थंडगार होता, पण होता. मला वाटलं, झालं, संपलं एकदाचं. माझा माणूस मला परत मिळाला.

पण त्या दिवसापासून यांनी माळावर जाणं सोडलं आणि खुर्ची फाटकाकडं तोंड करून ठेवली. आधीच्या वर्षी बसायचे तसं हे बसणं नव्हतं. आता हे वाट बघत होते. रस्त्यावर पाऊल वाजलं की मान वर व्हायची. दाढी वेळेवर करायचे. एकदा मला म्हणाले, तिची खोली रोज झाडत जा. मी झाडायला लागले. हसू नका. तुम्हीही झाडली असती.

८

चैत्राचं ऊन तापलं होतं. मी पापडाचं पीठ मळत होते तेव्हा फाटकाची कडी वाजली.

बाहेर एक म्हातारा उभा होता. अंगानं काटकुळा, चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, आणि त्या रणरणत्या उन्हात डोक्याला लोकरीची टोपी. पायांतले बूट फाटून गेले होते. हे खुर्चीचा हात धरून उठून उभे राहिले होते.

"माताजी," म्हातारा म्हणाला, "एक बच्ची साथ में है. बहुत दूर से आ रहे हैं."

माझे हात पिठानं भरलेले होते. मी ते पुसायचं विसरले.

त्यानं शेजारी पाहिलं आणि अगदी मायेनं विचारलं, "देख ले बेटा. यही है?"

आम्ही तिघंही थांबलो. तो बघत होता तिथं मी बघितलं. फाटक, बोगनवेल, पांढरा पडलेला रस्ता. दुसरं काही नाही. कडुलिंबाचा मोहर गळत होता, त्याचा आवाजही येत नव्हता.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

"नहीं," म्हणाला. "कहती है, यह नहीं है." आणि हात जोडून निघाला.

"तिला नीट बघू द्या," यांचा आवाज फुटला. "आत या. आत येऊन बघू द्या तिला. खोली बघू द्या!"

मी अनवाणी रस्त्यावर धावले. "भैरवी! अगं हेच! हेच घर आहे आपलं!"

तो वळला नाही. त्याला याची सवय असावी. दारोदार त्याला हेच ऐकावं लागत असणार. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो, तिथं उन्हाच्या झळा हलत होत्या. त्या झळांत मला एक क्षण दोघं दिसली. दुसरीनं हात मागं नेऊन मानेवरचे केस वर धरले होते, भैरवी उन्हात धरायची तसे. उन्हात कुठलीही मुलगी केस असेच धरते, हे मला कळतं. मग वळण आलं.

मी परत आले तेव्हा हे पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले. पाय भाजले होते ते आत्ता कळत होतं.

"पाणी तरी विचारायला हवं होतं गं," हे म्हणाले. "एवढ्या लांबून चालत आली होती."